लागू नाही

खराडी, सातवा मजला. खिडकीतून मुळा-मुठा,
म्हणजे जलपर्णी, आणि तिच्याखाली असलीच तर नदी.
माझं काम मोजायचं: कोण किती दिवस घरी.
चार देश, एक तक्ता.

दुपारी दीडला मी डबा उघडते
तेव्हा गोथेनबर्गला ऑफिस उघडतं.
ओस्कर निल्सन तिथे नाही.
त्याच्या नावापुढे दोनशे चाळीस.
मेल पाठवली की आपोआप उत्तर येतं:
मी बाळाजवळ आहे, ऑगस्टात भेटू.
इतक्या साध्या वाक्यावर माझा घास अडला,
गवारीच्या भाजीसकट.

ओहायोच्या डेब्राला बारा आठवडे,
पगाराच्या रकान्यात शून्य.
ती सातव्या आठवड्यात परत आली.
तिची मेल येते तिच्या पहाटे तीनला.
एका हाताने लिहिलेली कळते,
एकही अक्षर मोठं नसतं.

ओसाकाला बापालाही वर्षभर मिळतं.
आमच्या तिथल्या शाखेत अजून कोणी मागितलेलं नाही.
रकाना असा स्वच्छ, की बोट फिरवून बघावं.

आणि आपण.
आईला सव्वीस आठवडे. कमी नाहीत, कायदा आहे.
म्हणूनच तर मुलाखतीत बाईला विचारतात,
"लग्न कधी झालं?" आणि फाइल हळूच पालथी ठेवतात.
बापाबद्दल कायदा गप्प. कंपनी बोलते: पाच.
सलग पाच, शनिवार-रविवार धरून.

हडपसरचा हृषीकेश टिळेकर माझ्या टेबलाशी आला.
बायकोचं सिझर, टाके ओले, सासूबाई गुडघ्यांनी बेजार.
"पाचाच्या दहा अर्ध्या करता येतील का? सकाळ तेवढी.
बाळाला न्हाऊ घालताना पाणी ओतायला कोणी नाही."
मी यादी खाली ओढली.
अर्धा बाप तिच्यात नव्हता.

तो गेल्यावर सुचलं: पाचवा दिवस म्हणजे पाचवी.
त्या रात्री उशाशी कोरा कागद ठेवतात, पेन ठेवतात,
सटवाई येते, कपाळावर लिहून जाते.
काय लिहील? बाप सकाळी आठच्या बसने.
पूर्वी सोयर असायचं, दहा दिवस.
बाईला शिवायचं नाही, ते काही चांगलं नव्हतं,
पण बापालाही देवपूजेतून सुट्टी होती.
म्हणजे देवाने दहा दिले, कंपनीने पाच.
हे पुण्यात मोठ्याने म्हटलं तर
दोन्हीकडचे भक्त चिडतील.

मग मी शनिवार-रविवार मोजलेच नाहीत.
पाचाचे सात झाले. ऑडिटने विचारलं तर
चूक झाली म्हणेन. चूक कबूल करायला
पुण्याच्या माणसाला लागतो तेवढा वेळ घेईन.
तोवर मूल बसायला लागेल.

गेटवर व्यंकट घोगरे. अहमदपूरचा, एजन्सीचा माणूस,
माझ्या तक्त्यात त्याला कोड नाही.
मुलगी झाली तेव्हा तो रात्रपाळीत होता.
दुसऱ्या दिवशी आम्हाला पेढे मिळाले
आणि त्याला डबल ड्यूटी, बदली माणूस मिळेना म्हणून.
दीड महिना झाला. अजून त्याने तिला उचललेलं नाही.
"मॅडम, तुमच्या यादीत वॉचमनला किती असतात?"
मी खरंच शोधलं.
'लागू नाही' असा एक पर्याय आहे.

आज साडेआठला निघाले. स्कूटर दांड्याशी.
तो मोबाइल माझ्यापुढे धरतो: "आता शिंकती बघा."
एका हातात दोरी, दांडा खाली.
मागे तीन गाड्या, मग पाच, मग हॉर्न.
मुलगी नाक मुरडते, थांबते, विचार करते.
तो वळूनही बघत नाही.
शिंक येईपर्यंत
या इमारतीतलं कोणीही
घरी जात नाही.