फ्रेम सांडू नये म्हणून

बिटको चौकातून आत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझं टेबल. त्यावर श्रावस्ती गांगुर्डेनं
स्कूटीवर पायांत धरून आणलेला कॅबिनेट ठेवला,
वर आईच्या जुन्या ओढणीची गाठ.

"नुसती खेळते तेव्हा लोणी, काका.
रेकॉर्डिंग लावलं की बैलगाडी.
वळणावर आधी गाडी भिंतीत जाते,
मग मला भिंत दिसते."

झाकण उघडलं. पंख्यावर धुळीची गोधडी.
ब्लोअरनं उडवली, शिंकलो दोघंही,
पण दुखणं धुळीचं नव्हतं.
प्रोसेसर एकटाच बिचारा :
गाडी पळवायची त्यानं, डोंगर उभे करायचे त्यानं,
आणि जे जे घडलं त्याची बारीक घडी घालून
ठेवून द्यायची तीही त्यानंच.
"आचाऱ्यालाच वाढायला लावलंयस," म्हणालो,
"आणि वर सांगतेस, कोण किती जेवलं ते लिहून काढ."

कार्डाच्या पोटात एक कोनाडा असतो,
टिपण्यापुरताच बांधलेला,
खेळात बोट न घालणारा.
तिचा रिकामाच होता.
काम त्याच्याकडे दिलं.
गेम एका डिस्कवर, चित्रण दुसरीवर :
एका नळाला दोन हंडे लावले की
भांडण होतंच, आमच्या गल्लीत विचारा.
मागे उघडे अठरा टॅब बंद केले
(त्यातले चार निकालाचे, ते तिनं बघितले आणि मी नाही बघितले).
गेमला साठावर लगाम घातला.
थोडी ताकद उरू दे म्हटलं यंत्राकडे,
सगळी वापरायची नसते.

"पण एवढं कुणासाठी टिपतेस?"
"पप्पांसाठी. प्रेसमध्ये सेकंड शिफ्ट आहे,
आत फोन नेता येत नाही.
रात्री भाकरी खाताना बघतात माझी रेस,
घास हातात धरून सांगतात,
सहाव्या वळणावर ब्रेक उशिरा दाबलास."
मग स्क्रू गोळा करत, माझ्याकडे न बघता,
"त्यांच्यावर तर दिवसभर कॅमेरे असतात.
त्यांचा नसेल का हो फ्रेम रेट पडत?"

मी सोल्डरची तार गुंडाळत राहिलो.

सिन्नरला, माझ्या लग्नात,
व्हिडिओवाल्यानं हार तीनदा घालायला लावला.
दिवा डोळ्यांत, वायर पायांत,
"नवरदेव, जरा इकडे. वहिनी, आता हसा."
कॅसेटमध्ये तिसरा हार आहे.
पहिल्या वेळी कुमुद खरंच हसली होती,
हार माझ्या मुंडावळ्यांत अडकला म्हणून.
ते कुठंच नाही.
म्हणजे आहे, पण दाखवता येत नाही.

"लाव आता," म्हणालो.
कोपऱ्यातला हिरवा आकडा
अठ्ठावन्न, साठ, एकोणसाठ, साठ.
ती बसली, खांदे पुढे,
जिभेचं टोक दातांत.
सहावं वळण आलं. ब्रेक वेळेवर.
आकडा हलला नाही,
लाल ठिपका पेटलेला आहे हे
ती विसरली,
मीही.

तीनशे घेतले. पन्नास परत दिले, निकालाचे.

रात्री तिचा मेसेज : "काका, बंद करायचं राहिलं होतं."
रेस संपल्यावर अकरा मिनिटं
नुसती उभी गाडी.
आणि माइकमध्ये आमचं दुकान :
स्टेशनवरचं "यात्रीगण कृपया ध्यान दें",
झेरॉक्स मशीनचा खोकला,
कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणतंय,
"अरे, दोन चहा सांग, एक बिनसाखरेचा,
आणि पोरीला विचार, भूक लागलीय का."

दोनदा ऐकलं, तेव्हा कळलं
तो माझा आवाज आहे.
कुमुदला ऐकवला.
ती म्हणाली, "हो, असाच बोलता तुम्ही."