सांगावा

नळीवर नाव नसतं, फक्त आकडा.
पण माँटेव्हिडिओ एवढंसं शहर,
आणि त्या आकड्याचा मालक
दर मंगळवारी स्वतःच्या पायांनी चालत येतो:
वॉशिंग्टन एचेव्हेरी, वय एकोणऐंशी,
सेर्रोच्या कत्तलखान्यात एकतीस वर्षं सुरी चालवलेला.
काखेत थर्मास,
मुठीत येर्बाच्या कडू पाण्याचा भोपळा.
विचारतो, "काय म्हणतायत माझ्या?"
बोर्डिंगात ठेवलेल्या मुलींबद्दल विचारावं तसं.

मी सांगत नाही, की त्या मरतात.

त्याच्या ल्युकेमियाच्या पेशी,
ज्यांनी पांथरीत ठाण मांडलंय,
मानेत सुपाऱ्या भरल्यात,
माझ्या प्लास्टिकच्या ताटलीत आल्या
की तीन-चार दिवसांत आपणहून सुरकुततात.
कोणी मारत नाही. विष नाही, औषध नाही.
अन्न आहे, सदतीस अंशांची ऊब आहे.
फक्त "जग" म्हणणारं कोणी नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
चूक माझीच असावी,
असं नोंदवहीत लिहून ठेवलं होतं.

मग ऑगस्टात पाम्पेरो सुटला,
नदीवरून येऊन खिडक्या आपटत राहिला,
त्यात बसचा संप.
मागच्या फळीवर एक ताटली दोन आठवडे राहून गेली.
फेकायला काढली, तर सगळ्या जिवंत.
तळाला चिकटून बसलेल्या पाच-सहा
मोठ्या, पसरट, ओबडधोबड पेशी.
त्याच्याच रक्तातल्या, पहाऱ्यावरच्या,
जंतू दिसला की गिळायचा, एवढंच शिकून आलेल्या.
आणि त्यांच्या कुशीत, अंगाखांद्यावर
रोगाची ती गोल गोल पोरं.

दाईपेशी म्हणतात त्यांना.
पुस्तकात होतंच हे.
पुस्तकात असणं वेगळं.

घरभेदी म्हणणं सोपं आहे.
पण मी तासन् तास भिंगाला डोळा लावून बसलेय,
फितुरी अशी दिसत नाही.
त्या आपलं काम करतात, बस.
एक रेणू सोडतात: इकडे ये.
दुसरा: इथंच थांब.
तिसऱ्याचं नाव आम्ही अक्षरं-आकड्यांत लिहितो,
त्याचा अर्थ, इतक्यात मरू नकोस.
कधीकाळी, वॉशिंग्टन सहा वर्षांचा असताना,
गोवराशी झुंजून दमलेल्या पेशींनाही
असंच काहीसं कोणी म्हणालं असेल,
म्हणून तर तो मंगळवारी येतो.
सांगावा जुनाच. घेणारा बदलला.

नोव्हेंबरात डॉक्टर पेर्दोमोंनी गोळी सुरू केली.
ती थेट घाव घालत नाही,
आधी कान बंद करते.
तिसऱ्या आठवड्यात मोजणी दुप्पट आली
आणि त्याची मुलगी नेल्बा जिना चढून थेट माझ्या दारात,
कागद फडफडवत: "हे काय करून ठेवलंत?"
मी म्हटलं, त्यांची मान चाचपा.
तिनं तिथंच, कॉरिडॉरमध्ये, बापाची कॉलर सैल केली.
बोटं थांबली. पुन्हा फिरली.
सुपाऱ्या विरघळत चालल्या होत्या.

ऐकू येईनासं झालं, तशा त्या गाठींतून उठून
बाहेर पडल्या होत्या, रक्तात, उघड्यावर,
म्हणून मोजणीत सापडल्या.
बिऱ्हाड मोडलेल्यांची गर्दी होती ती.
उघड्यावर त्या किती दिवस काढतात
ते माझ्या ताटलीला ठाऊक होतं.
सगळ्या जातील असं मात्र मी म्हटलं नाही.
काही बहिऱ्या होत नाहीत.

नेल्बा बाकावर बसून रडली, मग फोनवर कुणाशी तरी भांडली.
म्हातारा भोपळ्यात पाणी ओतत राहिला.
"आणि त्या दाया?" त्यानं विचारलं.
त्यांना काय होणार. त्या आहेत तिथंच.
"हाका मारत?"
हो, मी म्हटलं. त्यांना कोण सांगणार.

बराच वेळ गेला.
"वासरू पुढं गेलेली गाय," तो म्हणाला,
"दोन दोन दिवस हंबरायची मागच्या आवारात.
आम्ही रेडिओ मोठा करायचो."

भोपळा माझ्याकडे आला होता.
पाणी निवलं होतं.