रात्रीचा पारा

ग्वायाकिलहून आलेला माणूस
टोपलीखाली वाकून बघतो.
ड्राक्युलाचं फूल असंच, खालून फुटतं,
मुळांतून वाट काढत, मान खाली घालून,
माकडाच्या पिल्लाचं तोंड घेऊन.
"केवढ्याला?"

एर्मेलिंदा भाव सांगत नाही.
विचारते, रात्री पारा किती उतरतो तुझ्याकडे?
पंखा आहे, तो म्हणतो. बर्फ घालीन कुंडीत.
मिंदोच्या वर, दोन हजार मीटरवर,
दुपारी ढग जाळीतून आत येतो
आणि पहाटेपर्यंत बसून राहतो, काही न मागता.
हा कुठून आणशील?

मी होते तुझ्या शहरात आठ महिने,
कोळंबीच्या कारखान्यात.
आधी टोकं काळी पडतात.
मग पान धरलं की हातात येतं.

मागच्या फळीवर एक मास्देवालिया:
आई इथल्या शेवाळातली, बाप खालच्या उबदार दरीतला.
तिच्या भावाने, सेगुंदोने, दातकोरण्याने जुळवलेला संकर.
दोन वर्षं बाटलीत,
पहिल्या फुलाला आणखी तीन.
लेबलवरची पेन्सिल पुसून गेली;
सेगुंदो माद्रिदला भिंती रंगवतो,
फोनवर त्यालाही नाव आठवत नाही.

हे ने. जगेल.
पावसाचं पाणी घाल, नळाचं नको.

तो पैसे मोजतो, डोळे अजून टोपलीखाली.

चारची बस उतरणीला लागते.
मागच्या काचेत नारिंगी ठिपका,
पहिल्या वळणापर्यंत.