दोन टक्के वाळू

वाल्पाराइसोच्या टेकडीवर माझ्या बापाचं घर.
अंगाला पत्रा, पत्र्याला रंग, रंगाला समुद्र.
दर तिसऱ्या वर्षी समुद्र तो खरवडून नेतो
आणि बाप पुन्हा शिडी लावतो.
बंदरात जहाजं रंगवून डब्यांच्या तळाशी जे उरायचं तेच घराला,
म्हणून एक भिंत निळी, एक बिस्किटी,
आणि न्हाणीघराची बाजू कुठल्याशा नॉर्वेजियन कंपनीची लाल.

मी खाली, गोदीमागच्या प्रयोगशाळेत.
समोर सिलिकाची पूड, इतकी हलकी
की मास्क लावल्याशिवाय तिच्याजवळ उसासासुद्धा टाकता येत नाही.
वाळूच ही. काचेची सख्खी बहीण.
पण रंगात सोडली की हिचे कण
परक्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे
एकमेकांना धरून कोपऱ्यात बसतात.
गुठळी होते. हलवा, ढवळा, ध्वनिलहरींनी झोडपा,
पाठ वळली की पुन्हा गुठळी.

म्हणून सिलेन.
त्याच्या एका टोकाला तीन हात, ते वाळूला घट्ट धरतात,
दुसऱ्या टोकाला एक बंध, अजून न मिटलेला,
तो अ‍ॅक्रिलिकच्या साखळीत ओवला जातो.
अल्कोहोलात रात्रभर ढवळायचं, मग धुवायचं,
मग पुन्हा धुवायचं, कारण न चिकटलेलं सिलेन
उद्या दगा देतं.

"सोयरीक जुळवतेस तर," बाप म्हणाला,
आणि मग ब्रश खाली ठेवून:
"यास्ना, रंगात वाळू सापडली म्हणून
मी दोन मुकादमांशी भांडलोय. एकाशी मारामारी."

पाच टक्क्यांना रंग दुधाळ झाला आणि वाकवताच तडकला.
एक टक्का, म्हणजे काही घातलंच नाही असा.
ओसिएलने पत्र्यांवर सुरीने फुल्या मारल्या,
पार खालच्या धातूपर्यंत,
आणि मिठाच्या धुक्यात पाचशे तास टांगून ठेवले.
त्या तीन आठवड्यांत त्याला मुलगी झाली,
माझी दाढ काढली,
यंत्राचा पंप दोनदा बंद पडला.

पत्रे बाहेर आले.
साध्या रंगाच्या फुलीतून गंज चौफेर पसरला होता,
कापडावर चहा सांडावा तसा.
दोन टक्केवाल्याच्या फुलीत तो होता, पण फुलीतच.
एका कडेला फोड आला होता, तोही मी वहीत लिहिला.
ओसिएल चिकटपट्टी लावून खेचत राहिला, हट्टाने,
पट्टी प्रत्येक वेळी कोरीच निघाली.

उरलेला डबा मी घरी नेला.
बाप दवाखान्यात गेला होता तेव्हा
न्हाणीघराच्या लाल भिंतीवर, खिडकीखाली,
हातभर रुंदीची एक पट्टी ओढली. सांगितलं नाही.

तीन वर्षं झाली.
परवा त्याने शिडी लावली, मी पाय धरून खाली उभी.
निळी भिंत पापुद्रे टाकत होती, बिस्किटी तर केव्हाच गेली होती.
पट्टीपाशी तो थांबला.
अंगठ्याचं नख रोवून पाहिलं.
बाहीने पुसलं. जिभेला बोट लावून चव घेतली,
हे तो का करतो मला कधीच कळलं नाही.

"हे तुझं?"
"हो."
"वाळू?"
"दोन टक्के."

खालून एक मालवाहू बोट भोंगा देत गेली.
बाप पट्टीला वळसा घालून रंगवू लागला,
कडा सांभाळत, देवघराभोवती सारवावं तसा,
आणि बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता,
"सगळ्या घराला हे लावलंस
तर मी वर कशाला चढू?"

शिडी थोडी हलली.
मी पाय आणखी घट्ट धरले.