माफी मुश्किल

शुक्रवार होता. विश्रामने तिघांना विचारलं,
कुणाचीच दणकट गाडी मिळेना,
म्हणून आमचीच काढली.
रुवीतला गॅरेजवाला म्हणाला होता, बाजारात फिरवा, डोंगर नको.
डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी, वर लिंबाचं लोणचं.
रेवूला उलटीची गोळी द्यायची राहिली.

अल हमरा मागे पडलं. मग घूलची ओसाड घरं,
डोंगरातून निघालेली की डोंगरात परत निघालेली
कळू नये अशी.
मग डांबर संपलं.
काटा लाल रेघेत शिरला तेव्हा
आम्ही दोघं आधीच अबोल झालो होतो,
गोळीवरून.

बॉनेटमधून वाफ. खाली दरी.
रेवू दगडाआड ओकत होती
आणि मी तिचं कपाळ धरून
फोनची एकही रेघ नसलेला पडदा पुन:पुन्हा बघत होते,
देव्हाऱ्यातला दिवा विझला का बघावा तशी.

पिकअप वरून आली, उतारावर. मागे सहा शेळ्या.
म्हातारा उतरला, सलाम केला,
आणि विश्राम रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार
तोच त्याच्या छातीवर तळवा ठेवून
त्याला मागे सारलं. हलकेच,
दारातल्या वासराला सारावं तसं.
मग बसला दगडावर. आम्हीही बसलो.
पाऊण तास कुणी काही बोललं नाही.
शेळ्या तेवढ्या आमच्याकडे बघत होत्या.

त्याची बायको खाली उतरली नव्हती.
तिने काच खाली करून रेवूला बोलावलं, मांडीवर घेतलं,
आणि आपल्या ओढणीच्या टोकाने
तिचं तोंड पुसलं. उलटीचं तोंड.
मला रुमाल काढायलाही वेळ मिळाला नाही.

मी डबा पुढे केला. खलफानने
(नाव एवढंच कळलं) अख्खी फोड लोणच्याची
तोंडात टाकली. डोळ्यांना धारा.
हसला, आणि दुसरी मागितली.

मग निळा कॅन आणला, तोंडाशी वाळलेला चारा चिकटलेला,
आणि सगळं पाणी, सगळं,
थांबत थांबत आमच्या गाडीत ओतलं.
मी शेळ्यांकडे बोट केलं: यांना?
हात झटकून म्हणाला, माफी मुश्किल.

विश्रामने दहा रियाल काढले.
म्हातारा नोटेकडे बघत राहिला,
आमच्याच खिशातून काही पडलंय
आणि आता आम्हीच ते उचलू, अशा बेताने.

चढ अजून बराच होता. कडा आम्ही पाहिलाच नाही.
तो आमच्या पुढे राहून डांबरापर्यंत आला,
दर वळणावर थांबून, मागे बघून.
मग दिवे दोनदा लावले, विझवले,
आणि गाडी उलटी फिरवली.
त्याचं गाव वर होतं, हे तेव्हा कळलं.

कॅन आमच्या डिकीत राहिला.

पुढच्या शुक्रवारी देऊन येऊ, विश्राम म्हणाला.
पुढच्या शुक्रवारी रेवूला ताप. त्याच्या पुढच्या
मंडळाचं हळदीकुंकू. मग ऑडिट.
मग कुठल्या वळणावर, कुठल्या घरी, कुणाला विचारायचं?
गाव नाही माहीत, नंबर नाही.
शोधलं असतं तर सापडलं असतं, हेही खरं.

माफी म्हणजे त्यांच्यात "नाही".
अडचण नाही, एवढंच म्हणाला तो.
पंधरा वर्षं झाली मला इथे, रोज ऐकते,
दुकानात, बँकेत, लिफ्टमध्ये.
पण हल्ली बाल्कनीत कपडे वाळत घालताना
ते दोन शब्द
आपल्या भाषेतच ऐकू येतात.

काल नळाखाली धरून कॅन भरून पाहिला,
उगाच. वीस लिटर.
एकटीला उचलला नाही.