रकाना चौथा

रकाना चौथा : जात.
छापणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार,
कुत्र्यासाठी वेगळा शब्दच नाही आपल्याकडे.
एफ उत्तर विभाग, तळमजला, परवाना खिडकी.
पंखा माझ्या डोक्यावर नाही, फायलींवर फिरतो.

कुत्रा पांढरा. डोकं अंड्यासारखं,
कपाळावरून नाकाकडे उतरताना पायरीच नाही.
डोळे तिकोनी, बारीक,
लिफाफ्याच्या कोपऱ्यानं चिरल्यासारखे.
कागदावरचं नाव सात शब्दांचं, इंग्रजी,
त्यात एक किल्ला आणि एक सरदार.
घरचं नाव बटाटा.

मालकीण शलाका तुंगारे, वडाळा.
ती गप्प.
बोलायला तिघे आलेत.

कात्रकशेठ, पारशी कॉलनी, ऐंशीच्या पुढचे,
दुधाच्या पिशवीतून वंशावळ काढतात
घड्यांवर फाटलेली, सेलोटेपनं सांधलेली.
"बुल टेरियर लिहा, बाई. दोन शब्द, मधे जागा सोडून.
बापाचा बाप बर्मिंगहॅमचा. आई माझी डचेस.
सात पिढ्या, एक डाग नाय."

कुर्ल्याचा इम्तियाज पारकर हसतो.
"डचेस त्या साली भाकड होती, शेठ,
अख्ख्या कुर्ल्याला ठाऊक. आई आमची गुलाबो.
तिच्या खापरपणजीच्याही मागची कुत्री
आमच्या दादांनी मुलतानहून आणली,
फाळणीच्या आदल्या वर्षी, गार्डाच्या डब्यात बसून.
गुलटेर लिहा. तिकडेही हेच म्हणतात, इकडेही."

"गुलाबोनं फक्त दूध पाजलं!"

"मग दुधाला काय जात नसते?"

तिसरे म्हाप्रळकर, सोसायटीचे सेक्रेटरी,
हातात वर्तमानपत्राचं कात्रण, लाल रेघ मारलेलं.
"पिटबुल. आमचा ठराव झालाय.
तुम्ही तेवढा शब्द लिहा,
पुढचं आम्ही बघतो."

पुढचं म्हणजे जिना, लिफ्ट, गेट
आणि गेटाबाहेरचा रस्ता.

माझ्या ड्रॉवरमध्ये जेवणाच्या डब्याखाली
मुलाची फाइल. पडताळणी समितीचं पत्र, तिसरं:
पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडावा.
शाळेत घेतलंच नव्हतं त्यांना,
सोडतील कुठून?
कात्रकशेठांच्या कागदावर
बर्मिंगहॅमच्या एका कुत्रीच्या आईचंही नाव आहे,
जन्मतारखेसकट.
मी ते दोनदा वाचलं.
अक्षर फार सुंदर.

शेवटी मीच म्हटलं, हाका मारा,
बघू कुणाला ओळखतो.
शेठनी सातही शब्द उच्चारले, उभं राहून.
इम्तियाजनं जिभेनं टक् केलं, कबुतरांना करतात तसं.
म्हाप्रळकर लांबूनच "ए" म्हणाले.

बटाटा भिंतीवरची मुंग्यांची रांग बघत होता.

"त्याला ऐकू येत नाही,"
शलाका पहिल्यांदाच बोलली.
"दोन्ही कान. जन्मापासून.
पांढऱ्यांत होतं असं, डॉक्टर म्हणाले."

खिडकीपाशी जरा शांत झालं.
सात पिढ्यांत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.
मग इम्तियाज हळूच,
"गुलाबोचा भाऊ पण..."
आणि शेठ, कागदाची घडी घालता घालता,
"डचेस डाव्या कानानं. कुणाला सांगितलं नव्हतं मी."
आणि पुन्हा जुंपली,
आता बहिरेपणावरून, माझा की तुझा.

म्हाप्रळकरांनी घड्याळ पाहिलं.

रकाना चौथा मी भरला.
काय लिहिलं ते इथे सांगत नाही,
हरकतीला तीस दिवस आहेत.
शिक्का टेबलावर आपटला, सवयीनं, जोरात.
जुनं लाकडी टेबल, चारही पाय जमिनीला टेकलेले.

बटाट्यानं मुंग्या सोडल्या,
मान वळवली
आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.