हातचा

तुर्कूत नोव्हेंबरात दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
बंदराच्या जकात कचेरीतून मी घरी येते,
ओले बूट हीटरपाशी उलटे टेकवते
आणि दुसऱ्या नोकरीवर रुजू होते,
जिला पगार नाही, रजा नाही,
आणि राजीनामा द्यायचाच झाला तर
कुणाच्या टेबलावर ठेवायचा, ठाऊक नाही.

मॅट्रिक्स सोडवणारी लायब्ररी. आम्ही अकरा जण.
वाल्दिवियाचा एलिसेओ शाळेच्या वह्या तपासून झाल्या की येतो.
कुमासीची सेरवा बाळ झोपलं की.
तिचा अर्धा कोड एका हाताने लिहिलेला;
चुकांवरून मला कळतं
बाळ त्या वेळी कुठल्या खांद्यावर होतं.
हुकूम कुणालाच सोडता येत नाही.
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणावं,
तर मला उंटही नाही,
आणि शेळ्या आपखुशीने आलेल्या.

सेगेदचा ओदोन, पुलांचा निवृत्त इंजिनियर,
जाऊन तीन वर्षं झाली.
त्याच्या फाईलमध्ये, चारशे बाराव्या ओळीत, एक आकडा आहे:
दशांशचिन्हापुढे दहा शून्यं, मग सात.
शेजारी हंगेरियनमध्ये: हात लावू नका.
बस. कारण नाही.

येरेवानच्या वाहेने तो काढला.
बावीस वर्षांचा, नीटनेटका मुलगा.
सगळ्या चाचण्या पास. मीच मंजुरी दिली.
आठवड्याने एलिसेओच्या वर्गात
भरती-ओहोटीचं गणित सोडवताना
नदी डोंगरावर चढली.
मुलं पोट धरून हसली, त्याने लिहिलं,
आणि मग एकीने विचारलं, सर, आता खरं कुठलं?

भांडण तीन रात्री चाललं.
वाहे म्हणाला, आकडा हवा तर का हवा ते सांगा,
मेलेल्या माणसाचा शब्द म्हणजे सिद्धता नव्हे.
त्याचं चूक नव्हतं.

मी ओदोनच्या मुलीला फोन केला. तिची बेकरी आहे.
पिठाच्या हातांनी तिने बाबांची वही उघडली:
पुलांची नावं, कॉफीचा हिशेब,
आणि एक सात, तीनदा अधोरेखित.
पुढे कोरं पान.
म्हणाली, बाबा बेरीज करताना हातचा बोटावर धरायचे.
मध्येच हाक मारली
तर बोट न सोडता नुसती मान हलवायचे.

आकडा वाहेनेच परत ठेवला.
एक नवी चाचणी लिहिली, तिचं नाव ठेवलं नदी.
मी शेजारची ओळ बदलली:
कारण आम्हांला माहीत नाही.
काढला की पाणी उलटं वाहतं.
ज्याला कळेल त्याने इथे लिहावं.

आता रात्रीचा दीड.
सेरवाचं बाळ उठलं असावं,
तिचं वाक्य "आणि"वर थांबलंय.
मी खिडकी बंद करत नाही.
थांबते,
बोट न सोडता.